बेसिल परेरांची वही

नंदाखालच्या एका आळीत पाच फर्डिनंड परेरा राहतात. एक घंटावाल्यांचा, कारण त्याचा आजा चर्चची घंटा वाजवायचा. एक विहिरीवरचा, एक आफ्रिकावाल्यांचा. बाकीचे दोघं कोण ते मला आजही वहीत बघावं लागतं. बेसिल परेरांना कधी बघावं लागलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी तिथे सायकलवरून टपाल वाटलं, आणि एका फर्डिनंडचं पत्र दुसऱ्याच्या हातात पडलं असं एकदाही झालं नाही.

अशा माणसाला आम्ही बिनकामाचा ठरवलं. आम्ही म्हणजे नकाशाचं पोर्टल बनवणारी एक कंपनी, आणि त्यात पत्ता शोधायची सेवा बसवणारी मी, क्षितिजा. राहते नायगावला, बी विंग, चौदावा मजला. माझा पत्ता कॉम्प्युटरला एका दमात सापडतो.

नंदाखालची घरं काही केल्या सापडेनात, म्हणून मी बेसिल अंकलकडे गेले. त्यांच्या बायकोने, ॲनी आंटींनी, बागेतली केळी पुढे ठेवली. अंकलनी आठ दिवसांत वही भरून दिली. तीनशे बारा घरं, प्रत्येक घराचं गावातलं नाव, जवळचा क्रूस, वाट कुठून वळते ते.

"बाय, घराचं नाव नाय घेतलं तर इथं कोण सापडत नाय," ते म्हणाले.

पोर्टलने आधी या यादीत शोधावं आणि मग विकत घेतलेल्या सेवेत, असा माझा बेत होता. आमच्या जितेंद्र सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. "विंग, फ्लॅट, सोसायटी, पिनकोड. हे घंटावाले कुठल्या रकान्यात टाकू? शुक्रवारी डेमो आहे." मग ठरलं की जे घर सापडणार नाही त्याचं टिंब पिनकोडच्या हद्दीत मधोमध टाकायचं. वर हिरवी खूण: पत्ता सापडला. तो मध्य नेमका एका बावखलात, म्हणजे बागांना पाणी पुरवणाऱ्या तळ्यात पडत होता. मी सरांना दाखवलं. ते हसले. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले आणि ओके दाबलं.

तिसऱ्याच महिन्यात एका सकाळी ॲनी आंटी ओट्यापाशी कोसळल्या. अर्धांगाचा झटका. अंकलनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, घराच्या नावासकट पत्ता नीट सांगितला. फोन घेणाऱ्यांच्या पडद्यावर आमचंच पोर्टल. हिरवी खूण बघून गाडी थेट बावखलाच्या काठावर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, "परेरांचं घर कुठे?" लोक विचारत होते, "कुठले परेरा?" घराचं नाव त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोर्टलमध्ये त्याला रकानाच नव्हता. पाऊण तास गेला. आंटींचा जीव राहिला, बोलणं गेलं.

ऑफिसात सर म्हणाले, "डेटाचा प्रॉब्लेम आहे. गावांचे पत्तेच धड नसतात." माझ्या अंगाची आग झाली. पत्ते धड नव्हते? तीनशे बारा पत्ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होते! एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी बुडाली की तळ्याला दोष द्यायचा. त्या दिवशी मी सरांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. पण ओके दाबणारं बोट माझंच होतं, त्याला काय बोलणार?

शिव्या खायची तयारी करून मी नंदाखालला गेले. आंटी खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डाव्या हाताने केळ्यांच्या घडाकडे बोट केलं. मला रडूच फुटलं.

अंकल आत गेले आणि एक नवीकोरी वही घेऊन आले. तीच तीनशे बारा घरं. प्रत्येक अक्षर सुटं, टपोरं, प्रत्येक घराखाली पट्टीने मारलेली रेघ.

"माझं अक्षर पहिल्यापासून खराब, बाय," ते ओशाळून म्हणाले. "तुमच्या सायबांना वाचता आलं नसंल. आता बघ, लागतंय का."