आरशाला न दिसलेलं

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. आणि गंमत बघा — लोकांकडून अशाच गोष्टी काढून घ्यायची माझी नोकरी. आत्ताही, तुम्ही हे ऐकून कुणाला सांगाल का, असं मनात येऊन गेलंच. काय करू? भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, नणंदेच्या गोड बोलण्यावर नाही. धुळ्याला घरी सगळे मला फौजदार म्हणायचे.

असल्या बाईनं नवरा-बायकोचं समुपदेशन शिकायला जावं का? मी गेले. जळगावला, एम.ए. करायला. शेवटच्या वर्षी खरी जोडपी समोर बसायची. खोलीच्या भिंतीत मोठा आरसा, आरशामागे आमच्या मॅडम आणि बाकीचा वर्ग. त्यांना आम्ही दिसायचो, आम्हाला ते नाही. जोडप्यांना हे आधी सांगितलेलं असायचं. मला मात्र सारखं वाटायचं — पलीकडे हसताहेत का? माझ्याबद्दल काय कुजबुजताहेत?

अमळनेरचं एक जोडपं माझ्याकडे आलं. तिचं नाव वैशाली म्हणू, त्याचं प्रकाश. तो कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला. भांडण एकाच गोष्टीचं — दर शनिवारी तो धुळ्याला जातो आणि विचारलं की भडकतो. तिकडे कुणी बाई आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आमची पद्धत अशी, की एकत्र भेटल्यावर दोघांना एकेकटंही भेटायचं. आणि त्याआधी शब्द द्यायचा, की एकट्यानं सांगितलेलं जोडीदाराला कळणार नाही. तो शब्द मी दिला. दोघांच्या तोंडावर दिला.

एकटा बसल्यावर प्रकाश रडला. धुळ्याला त्याची थोरली बहीण राहते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तिचं नाव घेणंच घरात बंद केलेलं. आता ती अंथरुणाला खिळलेली, आणि हा चोरून भेटायला जातो. मग बायकोला का नाही सांगत? तर म्हणे, ती मामाची मुलगी, सासू तिची सख्खी आत्या. हिला कळलं की आत्याला कळणार, आणि आत्याला कळलं की आबांना.

तुम्ही विश्वास ठेवला असता? मॅडमनी ठेवला. मी नाही. आजारी बहीण, चोरून भेटणं, वर डोळ्यांत पाणी — किती जुळवून आणलंय, असं मला वाटलं. का वाटलं? तसं कारण काहीच नव्हतं हो. मला तसं वाटतंच.

पुढच्या खेपेला वैशाली लवकर आली. खाली जिन्याजवळ पाणी पीत एकटीच उभी होती. आरसा वर, खोलीत. मी इकडेतिकडे पाहिलं, तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "एखाद्या शनिवारी त्यांच्यामागे जाऊन बघा ना." एवढंच. आणि खरं सांगते — मला बरं वाटलं. स्वतःची हुशारी वाटली.

ती गेली. पण एकटी कशी जाणार? आत्याला घेऊन गेली — सासरी तिच्या हक्काचं तेवढंच माणूस. दोघी एसटीनं धुळ्याला पोचल्या, तेव्हा प्रकाश बहिणीला भात भरवत बसला होता. आत्या दारातूनच मागे फिरली. घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं. आबांनी प्रकाशला बजावलं, पुन्हा तिकडे गेलास तर हे घर विसर.

तरी दोघं पुढच्या वेळी आले. प्रकाशनं माझ्यासमोरच तिला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून आलीस मागे? एरवी ती माझ्याशी जपून, शहरी बोलायची. त्या दिवशी घरचीच बोली तोंडातून आली.

"तुम्हीनच सांगं ना माले, मॅडम?"

आरशामागे मॅडम होत्या. अख्खा वर्ग होता. माझी पदवी तिथं बसलेली होती. मी म्हणाले, "नाही वैशालीताई, मी असं काही बोललेच नाही." आवाजसुद्धा हलला नाही माझा.

प्रकाशनं कपाळाला हात लावला. "तिना सभावच तसा शे, मॅडम," तो म्हणाला. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली नाही — तेही शिकवलेलं असतं आम्हाला. मग ती हळू आवाजात म्हणाली, असेल, मलाच तसं वाटलं असेल.

ते पुन्हा आले नाहीत. त्यानं तिला पहूरला माहेरी नेऊन सोडलं, हे मी चौकशी करून काढलं. हिच्या डोक्यातच वहीम आहे, जळगावच्या मॅडमवरही आळ घेतला, असं तो सोयऱ्याधायऱ्यांत सांगत होता. माझ्याकडे तिचा नंबर होता. मी फोन केला का? नाही केला.

वर्गात मॅडमनी माझं कौतुक केलं. तोंडावर आळ आला तरी पोरगी डगमगली नाही, म्हणाल्या. मी लाजल्यासारखं केलं.

आता मी तिथंच शिकवते. संशयी जोडीदाराचा विषय निघाला की हीच केस सांगते, नावं बदलून. असा माणूस समुपदेशकालाही कसा गोवतो, हे समजावते. या वर्षीही सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, ती बाई खरं बोलत असेल तर?"

मी म्हणाले, शक्यच नाही.

ती खरं बोलत होती.