बदक घेऊन गोलघुमटावर

आम्ही विजापूरला गेलो ते एका बदकामुळे. हसू नका. लोक नवस फेडायला जातात, लग्नाला जातात, आमचं जाणं बदकासाठी झालं. तुम्हालाही कधी गोलघुमट बघायचा असेल तर रस्त्याची, खाण्यापिण्याची माहिती सांगतेच, पण आधी बदकाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी सून महादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मैंदर्गीला गेली होती. नातू झाला. तो तीन महिन्यांचा झाला तरी सोलापुरात त्याचा पत्ता नाही. पाळणा घासूनपुसून, दोर बदलून टांगून ठेवलेला, येताजाता मी त्याला रिकामाच झोका देते. शेवटी माघात मुलगा चंदूला म्हटलं, "ऊठ, आणू आता त्यांना." सोलापूरहून अक्कलकोट एसटीनं, तिथून मैंदर्गी दुसऱ्या एसटीनं. दुसरीत खिडकीकडे बसू नका, फुफाट्यानं पांढरे होऊन उतराल. मी तशीच उतरले. बाळानं मला बघितलं आणि भोकाड पसरलं.

विहीणबाई, म्हणजे महादेवीची आई गंगव्वा, बाई फार मायाळू, पण हट्टी. घरात कानडी, आमच्याशी मराठी. मी बाळाला न्यायचा विषय काढला की भाकरी वाढत. पुन्हा काढला की शेंगाचटणी वाढत. दुसऱ्या दिवशी माझं पोट फुटायची वेळ आली तेव्हा एकदाचं बोलल्या, "पाडव्यापतुर ऱ्हाऊ द्या की, ईनबाई. हितं हवा चांगली हाय."

"सोलापुरात काय हवा न्हाय व्हय?"

"हाय की. गिरणीची."

मी बाळाला उचललं आणि त्यांच्या मळ्यात गेले. विहिरीच्या काठावर उभी राहून बाळाला गंमत दाखवायला आत हाक मारली, "कोण आलंय?" आतून आलं, "आलंय!" बाळ डोळे मोठे करून बघायला लागलं. विहीणबाई मागून आल्या. तिथे पाटाच्या पाण्यात शेजाऱ्यांची बदकं बसलेली असतात, त्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, "माणसाचा आवाज परत येतो, म्हशीचा येतो, कुत्र्याचा येतो. बदकाचा तेवढा येत न्हाय."

"का वो? बदकानं काय पाप केलं?"

"ते आमाला काय म्हाईत? पर येत न्हाय. माझी सासू सांगायची. दहा गावात इचारा."

मी म्हटलं, दहा गावात कशाला, बदक इथं, विहीर इथं. चंदू मागोमाग आला होताच, त्यानं एक बदक धरून काठावर आणलं. ते ओरडायला लागलं ते थांबेचना, क्वॅक क्वॅक क्वॅक. आम्ही तिघंही कान देऊन वाकलो. मला वाटलं आवाज परत आला, त्यांना वाटलं नाही आला, आणि चंदूला वाटलं दोघी आत पडणार.

तिथेच पैज लागली. कशी लागली ते नीट सांगत नाही, दोघींचेही शब्द लिहिण्यासारखे नव्हते. ठरलं ते एवढंच: बदकाचा आवाज परत येतो हे मी दाखवलं तर बाळ याच महिन्यात सोलापूरला. नाही दाखवता आलं तर पाडव्यापर्यंत मैंदर्गीत, आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि दाखवायचं कुठं? तर विजापूरच्या गोलघुमटात. चंदू शाळेच्या सहलीला जाऊन आला होता. त्यानं सांगितलं, तिथं नुसतं खोकलं तरी सात वेळा परत येतं. विहीणबाई म्हणाल्या, "सत्तर वेळा येऊ दे. बदकाचं येनार न्हाय."

बाळ आणि महादेवी तिच्या चुलतीजवळ राहिली. बदक मागायला गेलो तर शेजारीण म्हणाली, न्या, पण जिवंत आणा. आम्ही दोघीही तोंडात मांस न घालणाऱ्या, आम्हालाच हे सांगते!

पहाटे निघालो. अक्कलकोटला उतरलात म्हणजे आगगाडी मिळाली असं समजू नका हं. गाव एकीकडे, स्टेशन एकीकडे, मध्ये टांगा करावा लागतो. गाडीनं होटगी. होटगीला उतरून विजापूरची बारकी गाडी धरायची. ती बारक्या रुळावरनं जाते आणि तिला कुठलीच घाई नसते. भूक लागेल, डबा बांधून घ्या. आम्ही कडक भाकरी, दाण्याची चटणी, कांदा आणि दही घेतलं होतं. बदकाला भिजवलेली ज्वारी. टोपलीवर माझं जुनं लुगडं बांधलेलं. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, "टोपलीत कोण हाय?"

"माहेरवाशीण हाय," मी म्हटलं, "सासरी चाललीया."

ती इतकी हसली की तिनं आम्हाला हुरडा दिला. विहीणबाई मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या. भीमा आली तेव्हा पुलावरून पाण्यात पैसा टाकला आणि बराच वेळ हात जोडून होत्या. मी मनात म्हटलं, नदीलाही आपल्या बाजूला करून घेतात ही बाई.

विजापूर यायच्या आधीच घुमट दिसायला लागतो. आधी वाटतं टेकडी, मग वाटतं पाण्याची टाकी, मग कळतं, हाच तो. स्टेशनपासून चालत जाता येतं, टांगेवाला काहीही सांगो. त्या दिवशी उशीर झाला म्हणून धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो, तुम्हीही लवकरच जा. शाळांची पोरं आली की ती सगळी मिळून किंचाळतात, मग स्वतःचा आवाजसुद्धा ओळखू येत नाही. दाराशी पहारेकऱ्यानं अडवलं.

"अम्मा, टोकरी में क्या है?"

"बदक."

"खाने का?"

"न्हाय रे बाबा, वरडायचं."

त्यानं लुगडं वर करून बघितलं. बदकानं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "गंदगी नहीं करना," आणि सोडलं. बदकाला म्हणाला की आम्हाला, ते कळलं नाही.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून गोल गोल जिने चढायचे. अरुंद, उंच, गुडघे असतील तर त्यांची आठवण करून देणारे. वर गेलं की घुमटाच्या आतून चहूकडे फिरणारा सज्जा लागतो. खाली बघू नका. मी बघितलं.

चंदू पंच झाला. तो सज्ज्याच्या दाराशी, दोघींच्या मध्ये उभा राहिला. विहीणबाई म्हणाल्या, "बदक माझ्या वळखीचं हाय, मी धरते," आणि टोपली घेऊन पार समोरच्या बाजूला गेल्या. इतक्या लांब की चेहरासुद्धा नीट दिसेना. मी इकडे भिंतीला कान लावून बसले.

आता या भिंतीचं चंदूनं मला सांगितलं होतं, त्यांना सांगायचं राहिलं. इथे नुसतं ओरडलेलंच परत येत नाही. भिंतीपाशी कुजबुजलेलं भिंतीभिंतीनं फिरून समोरच्याच्या कानात जातं. मी बदकाची वाट बघत होते आणि अगदी कानाशी, शेजारी बसून बोलावं तसं, विहीणबाईंचं बोलणं आलं.

"ओदरब्याड यप्पा. ओदरब्याड. मनी खाली आगतैती."

सोलापुरात जन्म गेल्यावर एवढं कानडी कुणाला कळत नाही? ओरडू नको रे बाबा. घर रिकामं होईल.

माझा कान भिंतीला तसाच चिकटून राहिला. महादेवी त्यांची एकुलती एक. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हे मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे माझाच पाळणा होता.

बदक गप्प होतं. तसंच गप्प ठेवलं असतं तर त्या जिंकल्या असत्या, कोण विचारायला जाणार होतं? पण समोर बघते तर बाईनं टोपलीवरचं लुगडं सोडलं, बदक कठड्यावर धरलं आणि त्याच्या शेपटीला चिमटा काढला. शब्द दिला होता ना.

क्वॅक!

एकच ओरडलं. आणि घुमटानं ते घेतलं आणि परत दिलं, पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. सगळा घुमट बदकांनी भरला. खालचा पहारेकरी वर बघायला लागला. आमचं बदक तर असं चपापलं की मान ताठ करून आपले भाऊबंद शोधायला लागलं. "आलं! आई, आलं!" चंदू ओरडला, तेही सात वेळा आलं.

तर बदकाचा आवाज परत येतो. कुणी नाही म्हटलं तर माझं नाव सांगा. मग लोक का म्हणतात? मला वाटतं, बदक एकदा ओरडून थांबत नाही. त्याचं आपलं चालूच असतं, शेवटचा सूरही लांबतो, म्हणून परत आलेला आवाज पुढच्या ओरडण्यात बुडून जातो. आम्ही दोघी बोलायला लागलो की चंदूला जसं काही ऐकू येत नाही, तसंच.

मी सज्ज्याला वळसा घालून त्यांच्याकडे गेले. त्या बदकाला परत टोपलीत बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आलं, ईनबाई. न्या बाळाला."

"नेतेच की. पैज म्हणजे पैज. तुमी पन गाठोडं बांधा."

"मी? लेकीच्या घरी?"

आमच्याकडे आई लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही, नातवंड होईपर्यंत. त्या कधीही आल्या तरी उंबऱ्यातून बोलून परत जायच्या.

"नातू झाला न्हवं? आता पानी चालतंय, भाकरी चालतीया. त्याला तेल लावायला माझे हात दुखत्यात."

"आन् म्हस?"

"म्हस जावंकडं बांधा."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, बदकानं आणली."

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, तरी घुमटानं ते घेतलंच. भिंतीनं काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुम्हीही कुठे भेटलात तर सांगू नका.

येताना बाजारात मिरचीची भजी खाल्ली, झणझणीत, नक्की खा. बदक शेजारणीला जिवंत दिलं. मग बाळ, बाळंतीण, विहीणबाई आणि त्यांचं उखळ अशी सगळी वरात सोलापूरला आणली.

आता पाडवा होऊन गेला. विहीणबाई जायचं नाव काढत नाहीत आणि मी विचारत नाही. बाळाला तेल त्या लावतात, न्हाऊ त्या घालतात, पाळणा त्या हलवतात, आणि दिवसभर त्याच्याशी कानडीत काय काय बोलतात. माझी पाळी आली की बाळाला झोप येते. पैज मी जिंकले होते हे तो मोठा झाला की त्याला सांगणार आहे. तोवर त्याला मराठी येवो म्हणजे झालं.