मिश्राजींचा प्रो कॉम्प्युटर

त्या रविवारी लखनऊत असं धुकं होतं की समोरचं मिश्राजींचं घर रातोरात कुणी उचलून नेलं की काय, असं वाटावं. सूर्य होता, पण सेल उतरलेल्या टॉर्चसारखा. मी कानटोपी घालून ओट्यावर बसलो होतो. अशा हवेत अलीगंजमधली माणसं दोनच कामं करतात. मूंगफली फोडतात आणि बोलत राहतात. आमच्या घरचे कॉम्प्युटरचे किस्से असेच टरफलांसारखे साचले. झाडून काढावं म्हणून उठावं, तर कुणीतरी आणखी एक मूठ हातावर ठेवतं.

त्या दिवशी मात्र घरात हसू नव्हतं. माझी सून वर्षा सोमवारी नोकरीवर रुजू होणार होती, घरी बसूनच, आणि घरातला कॉम्प्युटर त्या नोकरीला चालत नव्हता. का चालत नव्हता, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

शाळेत मी गेलो नाही. रेल्वेत गँगमन होतो वर्ध्याकडे, अक्षरं स्टेशनच्या पाट्यांवरून लावायला शिकलो. त्यामुळे मला सगळं सावकाश समजतं. सांगणाऱ्याला दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्या वेळेला बरेचदा त्यालाही समजतं.

* * *

पहिला कॉम्प्युटर माझ्या मुलानं, मिलिंदनं, बाजारातल्या एका दुकानातून जुळवून आणला. दुकानदार म्हणाला, "सब डला हुआ है, बस बटन दबाइए." मिलिंदनं दाबलं. चाललं. सगळे खूश.

काही आठवड्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात फिकट इंग्रजी अक्षरं उमटली. पुसली तरी जाईनात. मी मिलिंदला विचारलं, हे काय म्हणतंय? तो म्हणाला, आत जी सिस्टीम टाकली आहे, ती आपण विकत घेतल्याची कंपनीला खबर नाही.

"म्हणजे चोरीची?"

"तसं नाही हो बाबा. सगळेच वापरतात."

वर्षानं त्या अक्षरांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या, शेजारीशेजारी, मरून रंगाच्या. आल्यागेल्यानं विचारलं की माझी नात माही सांगायची, "मम्मी ने नज़र का टीका लगाया है." लोक म्हणायचे, चांगलं केलं.

* * *

मिलिंद सरकारी नोकरीत, तिच्यामुळेच आम्ही वर्ध्याहून लखनऊला आलो. खिशात चुकून ऑफिसचं पेन आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस. त्याच्या ऑफिसात एक सर्क्युलर फिरलं, की विनापरवाना सॉफ्टवेअर कुणी ठेवू नये. ते ऑफिसच्या मशीनांपुरतं होतं. पण हा घरी आला, बूट न काढता प्लग ओढला आणि कॉम्प्युटरवर चादर टाकली. माहीची मैत्रीण घरी आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "अंदर कौन सो रहा है?"

मग एका सहकाऱ्यानं त्याला उपाय सुचवला. ऑफिसच्या सिस्टीमची चावी, म्हणजे ते लांबलचक आकडे, सगळ्या मशीनना एकच असतात. घरच्यालाही टाक, कोण बघतंय? मिलिंद विचारायला माझ्याकडे आला. मनातून नको असलं की तो मला विचारतो.

मी म्हटलं, मला ह्यातलं कळत नाही. मला क्वार्टर कळतं. रेल्वेनं क्वार्टर दिलं, मी त्याला चुना मारला, अंगणात लिंबू लावलं. पहिल्या दिवशी आधीच्या माणसाच्या नावाची पाटी उतरवून माझी लावली. पण घर माझं झालं नाही. राहायची परवानगी होती, तीही मलाच. भावाला देता येत नव्हती. रिटायर झालो, चावी दिली. लिंबाला अजून लिंबं येतात म्हणे, कुणीतरी खात असेल.

मिलिंद म्हणाला, "बाबा, लायसन्स म्हणजे अगदी हेच."

तेव्हापासून आमच्याकडे कुणी लायसन्सबद्दल विचारलं, की घरातले सगळे त्याला माझं क्वार्टर सांगतात. लिंबासकट.

* * *

शेवटी रीतसर नवीन मशीन घ्यायला निघालो. सोबत मिश्राजी आले. सिंचन खात्यातून रिटायर झालेले, समोरच राहतात. त्यांनाही घ्यायचं होतं.

दुकानात कळलं, एकाच सिस्टीमच्या दोन जाती. होम आणि प्रो. विकणाऱ्या पोरीनं समजावलं, घरातलं सगळं होमवर होतं. प्रोमध्ये वरचं जे आहे ते ऑफिसवाल्यांचं. मशीन कंपनीच्या जाळ्यात जोडता येतं, दुसरीकडे बसून आपलं मशीन चालवता येतं, असलं काही. मिलिंदनं होम घेतलं. मिश्राजींनी चहा संपवला आणि विचारलं, "इससे ऊपर कुछ है?"

नव्हतं. म्हणून ते प्रोवर थांबले.

मग गल्लीभर झालं, मिश्राजींकडे प्रो आहे. मी कधीमधी जाऊन बसायचो. ते प्रोवर पत्ते खेळायचे. "होम में भी ताश है, पर इसमें पत्ते अच्छे आते हैं," असं मला म्हणाले. मी मान डोलावली. त्यांच्याकडचा चहा चांगला असतो.

मिश्राजींच्या बायकोनं, मिश्राइन भाभींनी, मात्र एकदा खरं सांगितलं. त्यांचा मुलगा अंकुर बंगलोरला. कधीतरी फोनवर बोलून गेला की आजकाल ऑफिसचं काम घरूनही करता येतं, फक्त मशीन प्रो पाहिजे. बस. मिश्राजींनी समोरच्या खोलीत टेबल लावलं, फिरती खुर्ची आणली, मशीनही आणलं. बटन दाबलं की पडद्यावर अंकुरचं नाव यायचं. मिश्राजी रोज त्या नावावर बोट दाबायचे आणि पत्ते खेळायला बसायचे, स्टुलावर. खुर्चीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

होळी झाली, दिवाळी झाली. पत्ते मात्र चांगले येत राहिले.

* * *

आता वर्षा. माही झाली तेव्हा तिनं हिशेबनिसाची नोकरी सोडली होती. तेव्हापासून कुणी "आप क्या करती हैं?" विचारलं की ती आधी पदर सारखा करायची आणि मग म्हणायची, काही नाही. ह्या हिवाळ्यात दिल्लीच्या एका कंपनीनं तिला घेतलं. काम घरूनच. अट एकच, मशीन स्वतःचं, त्यावर प्रो, आणि सोमवारी सकाळी ते कंपनीच्या जाळ्यात जोडलेलं पाहिजे. नाही जमलं तर पुढच्या उमेदवाराला बोलावतील, असं त्यांनी गोड शब्दांत लिहिलं होतं.

होमचं प्रो करता येतं, वरचे पैसे भरून. पण मिलिंदला मोबाइलवर फारच स्वस्तात चावी मिळाली. टाकली, आणि खरंच पडद्यावर प्रो आलं. वर्षानं गल्लीत पेढे वाटले. मिश्राजींनी दोन खाल्ले.

पेढे संपले आणि चावीही संपली. ती म्हणे कुठल्याशा मोठ्या कंपनीला दिलेली, कुणीतरी सुटी करून विकलेली. मी म्हटलं, पोटभाडेकरू. मिलिंद माझ्याकडे बघेना. त्यानं पुन्हा होम चढवलं, कारखान्यातून आलेलं ते तरी खरं होतं. खरं प्रो आता पगार झाल्यावर, म्हणजे सोमवार उलटून गेल्यावर.

वर्षा स्वच्छ टेबल पुन्हा पुसत राहिली.

* * *

तर तो धुक्याचा रविवार. मिश्राजी धुक्यातून मूंगफलीची पुडी घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. मी सगळं सांगितलं. ते पटकन म्हणाले, माझ्या प्रोची चावी काढून घ्या, मला काय करायचंय?

मिलिंद बाहेर आला. म्हणाला, निघत नाही अंकल. तुमची चावी कारखान्यातच त्या मशीनला ठोकून दिली आहे. मशीन सोडून ती कुठं जात नाही.

मिश्राजींनी बराच वेळ एकच शेंग फोडली. मग म्हणाले, "तो म्युच्युअल कर लेते हैं."

नोकरीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दोघांना एकमेकांची जागा हवी असली की दोघं मिळून अर्ज करतात आणि अदलाबदल होते. कुणाचं काही जात नाही. आमचं होम त्यांच्याकडे, त्यांचं प्रो आमच्याकडे. मिलिंद आत जाऊन नियम वाचून आला. मशीन दिलं की लायसन्स मशीनबरोबर जातं, चालतं. नियम वाचून माझा मुलगा हसला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मिश्राजींनी मशीन स्वतः आणलं, आपल्या शालीत गुंडाळून. स्वतः नुसत्या स्वेटरवर. मिलिंद आमचं त्यांच्याकडे लावून आला. मग वर्षानं वायरी जोडल्या, बटन दाबलं, आणि तिचा हात थांबला. पडद्यावर अंकुरचं नाव.

मिलिंद म्हणाला, ते काढून तुझं टाकू, एक मिनिटाचं काम. आत पत्त्यांशिवाय काहीच नाही.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. मिश्राजी फाटकापर्यंत गेले होते, अर्धे धुक्यात. तिथून ते परत फिरले, दारात आले, पडद्याकडे न बघता शाल घडी करून काखेत घेतली आणि मला म्हणाले, "भाई साहब, बहू अपना नाम नीचे जोड़ ले. अंकुर वाला रहने दीजिए. आएगा तो ढूँढेगा."