आईने घालून पाहिलेला कोट

नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिमनद्यांचा अभ्यास करायला मला शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ लूमवर कापड विणणाऱ्या माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं, "परत कंदी येशील?" आईची मात्र अट होती. तिकडे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही, हे मी उत्साहाच्या भरात तिला सांगून बसलो होतो.

"आंगावर काय घालशील त्ये आधी दाव. त्याबिगर जायाचं न्हाय."

भिवंडीत दिवसरात्र कापड विणलं जातं, पण उबेचं कापड कुठे मिळेना. एका दुकानदाराने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर काढून दाखवला आणि विचारलं, "माथेरानला चाललास काय?"

शेवटी वडील मला नाक्यावरच्या रजया शिवणाऱ्या चाचांकडे घेऊन गेले. त्यांनी माझी मापं घेतली, जाड कापडात दाबून कापूस भरला आणि गुडघ्यापर्यंतचा कोट शिवला. देताना म्हणाले, "बेटा, चलनेवाली रजाई आज पहली बार बनाई."

मे महिन्याच्या उकाड्यात तो घालून मी दारात उभा राहिलो. घामाने निथळत होतो, पण आनंद मावत नव्हता. आई म्हणाली, "हितं तर बनियनबी गरम हुतंय. हितं काय कळायचं?"

खाडीजवळ बर्फाचा कारखाना होता, तिथे ती आम्हा दोघांना घेऊन गेली. मासेवाले तिथून बर्फ नेत. तिथला मिस्त्री आमच्या गावचा, म्हणून आत जाऊ दिलं. मी कोटाची बटणं लावू लागलो, तर आईने तो माझ्या अंगावरून काढून घेतला.

"तुला जायाचं हाय. तू गरमच म्हनशील."

लुगड्यावर कोट चढवून ती बर्फाच्या लाद्यांमध्ये लाकडी खोक्यावर जाऊन बसली. मिस्त्रीने दोनदा डोकावून विचारलं, "वहिनी, बास ना आता?"

"बसू दे की जरा."

बाहेर वडील विडी न पेटवताच तोंडात धरून उभे होते. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

ती बाहेर आली तेव्हा नाक लाल झालं होतं.

"पाठ गरम हाय," ती म्हणाली. "कान मातुर गेलं."

तिने दोन्ही कान तळव्यांनी चोळले.

"चाचाला सांग, कानाचं बी कायतरी कर म्हनावं. मंग जा."

वडिलांनी विडी पेटवली. "काढ आता त्यो कोट. लोक बघत्यात."

"बघू द्या. आंग अजून गार हाय माजं."

भर दुपारी, खाडीच्या रस्त्याने, आई तो कोट घालूनच पुढे चालली होती. मी तिच्यामागून जवळजवळ उड्या मारत होतो.