फुकटचा कायदा आणि मेव्हणा

खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवायचा धंदा मी आणि माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने कोथरूडमध्ये भागीदारीत वाढवला. वाढवला मी, असं माझं मत आहे. तो गल्ल्यावर बसायचा आणि मी लोकांच्या गॅलरीतून बाहेर लटकायचो. पुढे पटेना, म्हणून मी बाहेर पडलो. त्या वेळच्या करारात त्याने एक कलम घातलं: मी पुणे शहरात आणि जिल्ह्यात हा धंदा कधीही करायचा नाही. सही माझीच आहे. करार वाचायचा सोडून मी जाळी कापायचं यंत्र माझ्या वाट्याला यावं म्हणून भांडत होतो. यंत्र मिळालं. ते चालवायचं कुठे, हे मागाहून सुचलं.

मला दुसरं काम येत नाही, आणि या वयात कुणाकडे नोकरी करण्याइतका माझा स्वभाव गरीब नाही. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी फी सांगितली, मी ती निम्म्यावर आणायला बघितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कायदा सरकारच्या साइटवर फुकट आहे. तो वाचा. समजला नाही तर या. फी तीच असेल."

मी रागाने जिना उतरलो. पण फुकट हा शब्द डोक्यात राहिला. धंद्यात मी कुणाला काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळे फुकट मिळणाऱ्या मालाबद्दल मला संशय फार. तरी घरी येऊन बायकोला लॅपटॉप उघडायला लावला. ती शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझं इंग्रजी बिलापुरतं.

सरकारच्या साइटवर खरोखरच सगळे कायदे होते. ना पैसे मागितले, ना फोन नंबर. कराराच्या कायद्यात सत्ताविसावं कलम सापडलं. कुणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा, असं तिने मराठीत सांगितलं. मी तिथेच उठलो, त्या ओळीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'संबंधितांनी वाचावे.' सासूबाईंनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

बायको मात्र अजून खाली वाचत होती. "अहो, अपवाद आहे इथे, धंद्याचा नावलौकिक विकला असेल तर. आणि भागीदारीचा कायदा वेगळा आहे, तोही बघायला हवा."

"तू भावाची वकील कधीपासून झालीस?"

ती चिडली नाही, हे जास्त लागलं. "तुम्ही भाव मनासारखा आला की थांबता," ती म्हणाली. "समोरचा थांबत नाही."

त्यानंतर बरेच दिवस दुपारी, शिकवणीची मुलं यायच्या आधी, आम्ही दोघं तेच करत बसलो. पद्धत तिची. वकिलांचे लेख इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण ते फक्त कलमाचा आकडा कळण्यापुरते. लेखावर तारीख नसेल तर तो बंद करायचा. मग कलम मूळ कायद्यात वाचायचं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मागाहून काही बदललंय का तेही बघायचं. मग न्यायालयांचे निकाल शोधायचे. तेही फुकट, काही तर चक्क मराठीत. मी चहा करायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून एवढं लांबलचक काही वाचलं नव्हतं. ती वाचताना पदराच्या टोकाने चष्मा पुसते, हेही मला तेव्हा नीट दिसलं.

भागीदारीच्या कायद्यात जे निघालं त्याने माझा चेहरा पडला. बाहेर पडणारा भागीदार 'तसला धंदा करणार नाही' असं लिहून देऊ शकतो, आणि ते चालतं. म्हणजे ग्रुपवर मी जे मिरवलं ते अर्धंच. पण तिने पुढची अट वाचली: मुदत किंवा हद्द ठरलेली हवी आणि बंधन वाजवी हवं.

"वाजवी म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही. प्रकरण बघून ठरवतात."

मला एकदम त्या कायद्याबद्दल आपुलकी वाटली. इतकी पानं लिहून शेवटी त्यांनी घासाघीस करायला जागा ठेवली होती. आणि माझ्या कलमात मुदत नव्हतीच. अख्खा जिल्हा आणि तोही जन्मभर, हे कुठल्या न्यायाधीशाला वाजवी वाटेल?

रविवारी मेव्हण्याला जेवायला बोलावलं. तोही तयारीने आला होता, अपवादाची ओळ मोबाइलवर काढून. बायकोने दोघांचे फोन उचलून फ्रिजवर ठेवले आणि दोन्ही कलमं आधी संपूर्ण वाचून दाखवली, त्याच्या सोयीची आणि माझ्याही. मग आम्ही घासाघीस करायला बसलो. तो पाच वर्षांवर होता, मी सहा महिन्यांवर. पुरणपोळ्या खाता खाता दोन वर्षं आणि फक्त कोथरूड, इथे आलो.

"दाजी, एवढंच होतं तर आधी बोलायचं ना," तो म्हणाला.

"जन्मभराचं कलम घालताना तू बोलला होतास?"

त्याने पोळीवर तूप वाढून घेतलं. मग म्हणाला, तुम्ही समोर दुकान टाकलं असतंत तर माझ्याकडे कोण आलं असतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं त्याने केलेलं हे पहिलं कौतुक. कलमाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही, पण त्या वाक्यासाठी मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

नवा करार त्याच वकिलांकडून करून घेतला, त्यांच्याच फीमध्ये. दुकान पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात टाकलं. तिकडे नव्या इमारती, भोवती उसाची शेतं आणि जवळ नदी. डास मुबलक.