वरवंडला पोलाद समजावताना

गाडी दौंडला वेळेवर पोचली, तेव्हाच मी सावध झालो. प्रवासाची सुरुवात सुरळीत झाली की पुढे काहीतरी बिघडतं, असा माझा अनुभव. कुरकुंभला जायला वडाप (माणसं भरली की सुटणारं खासगी वाहन) मिळालं आणि चालकाने औद्योगिक वसाहतीच्या भलत्याच फाटकाशी उतरवून दिलं. उरलेली पायपीट औषधांच्या उग्र वासातून झाली.

माझी विद्यार्थिनी नाझनीन हिला पीएचडी करायची होती. विषय होता, नव्या प्रकारच्या अणुभट्ट्यांमध्ये किरणोत्सर्गाला टिकेल असं स्टेनलेस स्टील. तिचे वडील, इथल्या रसायनांच्या कारखान्यातले शौकतमामा, नको म्हणत होते. प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि अब्बांचं मन मोडून येणार नाही, असं नाझनीनने मला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून हा खटाटोप.

शिफ्ट सुटल्यावर मामा चहाच्या टपरीवर भेटले. मी लगेच व्याख्यान सुरू केलं. भट्टीतले न्यूट्रॉन पोलादातल्या अणूंना जागेवरून उठवतात, रिकाम्या जागा एकत्र येऊन आत बारीक पोकळ्या होतात, आणि कालांतराने पोलादसुद्धा फुगतं. त्यात चिमूटभर टायटॅनियम घातलं तर हे फुगणं लांबणीवर पडतं. किती घालायचं, ते नाझनीन शोधणार.

"पोलादाचं ठीक हाय सर," मामा म्हणाले. "पोरीचं काय?"

मी चहा संपवला. मामांनी जेवायला घरी यायचा आग्रह केला.

त्यांच्या मोटरसायकलवरून वरवंडला निघालो. महामार्गालगत ऊस, मध्येच झेंडूचा तुकडा, आणि मालट्रकांची धूळ थेट माझ्या तोंडात.

घराशी पोचताच मामांची तीन वर्षांची नात, नाझनीनची भाची, धावत आली. मामा झटकन मागे सरले. "थांब, थांब! आंगावर कंपनीचं केमिकल हाय." परसातल्या न्हाणीत साबण लावून आंघोळ झाली, कपडे वेगळ्या बादलीत गेले, मगच त्यांनी तिला उचललं.

"आम्ही भावंडंपण लहानपणी अशीच थांबायचो," दारात आलेली नाझनीन मला म्हणाली.

जेवायला बाजरीची भाकरी आणि रस्सा. मी हावरटपणा केला आणि ठसका लागला. मामांनी पाणी पुढे केलं.

"सर, खरं सांगा. त्या कामावरनं आल्यावर हिला अशी आंघोळ करावी लागल?"

"नाही मामा. आमच्याकडे भट्टीच नाही. बंद खोलीत यंत्राने पोलादाच्या तुकड्यावर आयनांचा मारा करतो. यंत्र चालू असताना आत कुणी नसतं. नंतर तुकडा तपासूनच हातात घेतो. भट्टीतून काढलेलं पोलाद हाताळणारे लोक वेगळे, तेही जाड भिंतीआडून."

मामांनी नातीच्या केसांतून हात फिरवला आणि नाझनीनकडे पाहिलं.

"म्हंजी हिची लेकरं हिला दारातच बिलगतील?"

"हो."

"मग जा," ते नाझनीनला म्हणाले.

होकार घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो. काम झालं होतं, तरी मन खुलेना. इतक्या वर्षांत नाझनीन त्या माणसाला दारात एकदाही बिलगली नव्हती, याचंच मला वाईट वाटत राहिलं.