उत्तरेचं दार

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. ओट्यावर दित्या उभा होता. दित्या पावरा हा माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे नानांचा, शेजारी. सातपुड्याच्या पठारावर खडकवण म्हणून लहानशी वस्ती आहे, तिथला. तो धुळ्याला आला की त्याच्या हातात काहीतरी असायचंच... मधाचं गाडगं, तुपाचा डबा, निदान चारोळीची पुरचुंडी. त्या दिवशी हात रिकामे होते. मला ते आधी दिसलं आणि मग त्याचा चेहरा दिसला. "नाना गेला, बाई," तो म्हणाला. छातीत कफ धरला होता, ताप चढला आणि आदल्या दिवशी तिन्हीसांजेला संपलं. लाकडांच्या मोटारीत बसून दित्या घाट उतरला होता. आत वहिनी, नानांची बायको, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना सांगायचं काम माझं होतं. मला कामं एकापुढे एक लावून घ्यायची सवय आहे. त्या सकाळीही मी तसंच केलं. यजमानांना मोटार पाहायला पिटाळलं, शाळेत निरोप धाडला, पेटीतल्या घोंगड्या काढल्या... आणि मग कामं संपली, आणि वहिनींसमोर जाऊन बसण्यावाचून काही उरलं नाही.

वहिनी नवऱ्यापासून इतक्या लांब माझ्या घरात का होत्या, तर थंडीमुळे. आणि नाना त्या थंडीत का राहत होते, तर आमच्या गावच्या उन्हामुळे. आमचं मूळ गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. तिथला वैशाख ज्यानं काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी धाब्याची माती तापते, भिंतीला टेकलं तर पाठ भाजते, आणि झळा आत येऊ नयेत म्हणून सगळी दारं लावून माणसं अंधारात पडून राहतात. अशा एका वैशाखात नानांच्या पहिल्या मुलाला, किसनला, गोवर निघाला. गोवराच्या पोराला वारा लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्याला माजघरात निजवलं, उशाशी कडुनिंबाचे डहाळे ठेवले, दाराला कडी घातली, फटींत चिंध्या कोंबल्या. किसन तीन-चार वर्षांचा असेल. तापात तो एकच मागत होता, "नाना, वारा..." आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणायचो, त्यांचा मुलगाही. नाना उठून कडीला हात घालत आणि घरातली मोठी माणसं त्यांना मागे ओढत. तेव्हा ते ऐन विशीतले, वडीलधाऱ्यांपुढे त्यांचं काय चालणार? मी लहान होते, पण ती कडी वाजलेली मला आठवते. ती शेवटी उघडली तेव्हा वाऱ्याचा कोणाला उपयोग राहिला नव्हता...

त्या पावसाळ्यानंतर नाना गवताच्या ठेक्याच्या कामावर सातपुड्यात गेले आणि तिथलेच झाले. खडकवणला त्यांनी जमीन केली, गुरं पाळली, घर बांधलं आणि मग वहिनींना नेलं. ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. आसपासच्या पावरा लोकांची घरं बुटकी, कुडाची, एकच लहानसं दार, मध्ये चूल. ऊब आत राहावी अशी. नानांचं घर मात्र उन्हाची धास्ती घेतलेल्या माणसानं बांधलेलं. उंच छप्पर, जाड भिंती, आणि वारा आरपार जावा म्हणून समोरासमोर दोन दारं, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. उत्तरेचं दार थेट डोंगराच्या खिंडीकडे. त्याला फळी होती, पण नाना ती कधी लावू देत नसत, रात्रीसुद्धा नाही. "वारा येवाले पाहिजे," एवढंच म्हणायचे. मार्गशीर्ष लागला की त्या दारातून येणारा वारा चुलीतली राख उचलून घरभर करी, आणि दिवा लावायचा तो मडक्याच्या आडोशाला.

तिथे राहण्याचे फायदे खोटे नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वर जात असे. धुळ्यात माणसं पाण्यात भिजवलेलं पटकूर अंगावर घेऊन झोपायची, त्याच दिवसांत मी खडकवणला पहाटे घोंगडी ओढून घेई. दूध नासत नसे, तूप उन्हाळाभर दाणेदार राही, गहू असा पोसला जाई की पोळीला वेगळाच गोडवा येई. किसननंतरची नानांची मुलगी शेवंता तिथेच जन्मली. तिला घामोळं कशाला म्हणतात हे लग्न होऊन खाली आल्यावर कळलं! आणि आणखी एक फायदा माझ्या उशिरा ध्यानात आला. थंडीत सगळ्यांना एकाच शेकोटीभोवती बसावं लागतं, त्यामुळे कोणाचा कोणाशी अबोला फार टिकत नाही. दिवसा बांधावरून भांडलेली माणसं रात्री एकमेकांच्या हाताला हात लावून शेकत बसलेली मी पाहिली आहेत.

पण एका वर्षी मी नाताळच्या सुट्टीत गेले आणि दुसरी बाजू पाहिली. सकाळी गुरांच्या पाण्याच्या हाळावर बर्फाची पातळ काचेसारखी साय धरलेली. गवतावर पांढरं. टाचांना भेगा, त्यांत रक्त. बुधल्यातलं खोबरेल काडीनं कोरून काढायचं. दही लागावं म्हणून मडकं घोंगडीत गुंडाळून चुलीशी निजवायचं, तान्ह्या पोरासारखं. नवं वासरू वहिनी स्वतःच्या लुगड्याच्या पदराखाली घेऊन बसल्या होत्या, तरी सकाळपर्यंत टिकलं नाही. डॉक्टर म्हणाल तर पार घाटाखाली. आणि परसातली वांगी एका रात्रीत काळी पडलेली. खानदेशी माणसाला थंडीत भरीत नाही म्हणजे काय! मी धुळ्याहून वांगी नेली होती, ती तुराट्यांच्या जाळावर भाजताना नाना म्हणाले, "थंडी आठे, वांगं तठे. देवनी वाटणी चुकनी, गोदे!" वहिनी तेवढ्यावरही हसल्या, आणि हसता हसता त्यांना जो खोकला सुटला तो थांबेना.

वहिनींना दमा होता. उन्हाळाभर त्या डोंगर चढून लाकडं आणत, आणि हिवाळा लागला की चुलीपासून दारापर्यंत जाताना भिंत धरत. उत्तरेचा वारा छातीवर बसला की रात्र रात्र बसून काढायच्या. "तुमले वारा पाहिजे, आनि माले दम घेता येत नही," त्या म्हणत. नाना खाली मान घालून विस्तव सारत. फळी लावायला उठत नसत. शेवटी तोड निघाली ती अशी की कार्तिकात नाना वहिनींना माझ्याकडे आणून सोडत आणि होळी झाली की न्यायला येत. गुरं आणि गहू सोडून त्यांना स्वतःला राहता येत नसे. वर्षांमागून वर्षं असंच चाललं. पाहणारे म्हणत, या वयात नवराबायकोचं हे काय?  पण माझ्याकडे असताना रोज संध्याकाळी वहिनी माझ्या मागच्या खोलीची खिडकी थोडी उघडून बाहेरची थंडी किती आहे ते हातानं पाहत आणि म्हणत, "आठे इतली, तं तठे कितली..."

मला हे पटत नव्हतं. एवढी साधी गोष्ट! एका होळीला नाना न्यायला आले तेव्हा मी कागदाच्या दोन बाजू केल्या, एका बाजूला वरच्या राहणीचे फायदे लिहिले आणि दुसऱ्या बाजूला तोटे, आणि त्यांना वाचून दाखवले. फायदे जास्त भरले, हे मी आपण होऊन सांगितलं. "तुझं वर राहणं चुकीचं नाही, नाना. पण तोट्यांतले निम्मे त्या एका दारातून येतात. ते बुजव. वहिनी बारा महिने तुझ्याजवळ राहतील." नानांनी नीट ऐकून घेतलं. कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "तुनी यादीमा मना किसन कोठे शे?" मी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. वहिनींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दाराचा विषय त्यानंतर मी काढला नाही.

गेल्या कार्तिकात ते आले ते शेवटचे. लढाई संपून वर्ष उलटलं तरी रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून वर न्यायला मी करडईचं तेल काढून ठेवलं होतं, वांगीही. निघताना नानांनी यजमानांकडे गवंड्याची थापी आणि ओळंबा मागितला. आमच्या घराचं काम झालं तेव्हापासून ती हत्यारं पडून होती. "कसाले?" वहिनींनी विचारलं. "गोठानं काम शे," नाना म्हणाले आणि माझ्याकडे वळून, "मास्तरीन, तुना वर्गमा मी कायम नापास, नही का?" मी म्हटलं, अजून परीक्षा व्हायचीय. ते हसले. वांग्यांची पाटी विसरून गेले, ती मी रस्त्याच्या वळणापर्यंत धावत जाऊन दिली. शेवटचं म्हणून मला आठवतं ते हेच... एका हातात पाटी, काखेत ओळंबा, आणि खांद्यावर ती जाड काळी घोंगडी.

आम्ही वर पोचलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती वहिनींना तोंड पाहायला मिळेल की नाही याची. खालच्या मुलखात लोक इतकं थांबू शकले नसते. खडकवणच्या लोकांनी नानांना ओसरीत, उघड्यावर, गारठ्यात ठेवलं होतं, आणि ते झोपेत असल्यासारखेच दिसत होते. थंडीचा हा एक उपकार माझ्या कागदावर नव्हता. वहिनी त्यांच्या पायांशी बसल्या. रडल्या नाहीत. त्यांचे पाय पदरानं पुसले. शेवंता आणि जावई आधीच पोचले होते. दुपारी जावयानं अग्नी दिला.

परत आलो आणि वहिनी घरात शिरल्या. उंबरा ओलांडताच त्यांनी नेहमीच्या सवयीनं पदर गळ्याभोवती गच्च आवळला आणि उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ केली. मग तशाच थांबल्या. चुलीतली राख जागेवर होती. उघडा दिवा, मडक्याच्या आडोशाशिवाय, सरळ जळत होता. "गोदाताई," त्या म्हणाल्या, "वारा कोठे गया?"

दार नव्हतं. जिथे दार होतं तिथे दगडमातीची भिंत होती, ओळंब्यात अगदी सरळ. चौकट काढून बाजूला ठेवलेली. मातीचा वास अजून येत होता आणि खालच्या थरात ओल होती. दित्यानं सांगितलं ते असं. मार्गशीर्षात नानांनी काम काढलं. पहाटे हाळावरची साय फोडून त्या पाण्यानं माती कालवायचे, स्वतः पायांनी तुडवायचे. लोक म्हणाले, थंडी सरू दे, मग कर. तर म्हणाले, "संक्रांतले तिले वर आनसू, मंग कवय करू?" थांबायला ते तयार नव्हते. संक्रांत आणखी चार-पाच दिवसांवर होती.

भिंतीत एक जागा मात्र त्यांनी सोडली होती. वीतभर चौकोनी झरोका, इतका खाली की मोठ्या माणसाला वाकावं लागेल. खाटेवर निजलेल्या लहान मुलाच्या तोंडाशी येईल एवढ्या उंचीवर. त्यात दाराच्याच फळीचा कापलेला ठोकळा घट्ट बसवलेला, आणि ओढून काढता यावा म्हणून त्याला दाराचीच जुनी कडी.  वहिनी खाली बसल्या आणि ती कडी त्यांनी मुठीत धरली. मग खूप वेळानं त्यांना रडू आलं.

दिवसकार्य झाल्यावर मी म्हटलं, वहिनी, चला धुळ्याला. शेवंताही म्हणाली. त्या नाही म्हणाल्या. पौष उरला होता, माघ सगळा जायचा होता, मला काळजी वाटत होती. दित्याची बायको सोबतीला झोपायला येई. होळीला मी पुन्हा वर गेले. वहिनी अंगणात गहू पाखडत होत्या. भिंत न धरता उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. खोकला होता, पण रात्री त्या आडव्या झोपल्या, बसून नाही. खाट त्यांनी उत्तरेच्या त्या भिंतीला लावली आहे.

धुळवडीच्या दुपारी ऊन जरा चढलं. वहिनी भिंतीशी खाली बसल्या आणि कडी धरून ठोकळा ओढला. पहिल्या झटक्यात निघाला नाही, मग निघाला. झरोक्यातून वारा आला, थंड नव्हे, गार. उशाशी ठेवलेल्या नानांच्या घोंगडीची दशी हलली. संध्याकाळी गारठा पडू लागला तसा मी ठोकळा परत बसवायला उठले. वहिनींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, गोदाताई," त्या म्हणाल्या, "आते कार्तिकमा लावसूत."

परत आल्यावर मी वर्षाची कामं मांडली. कार्तिकाच्या कामांत पहिली ओळ इतकी वर्षं एकच असायची, वहिनींसाठी मागची खोली झाडून ठेवणे. या वर्षी ती लिहिली नाही. त्या जागी लिहिलं, वर जाणे, वांगी नेणे, ठोकळा लावणे.